बारावीनंतर आरोग्यसेवा : वाटा किती, अधिकार कोणते?

बारावी विज्ञानाला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना नातेवाईक, शेजारी आणि शिक्षक एकच प्रश्न विचारतात : नीटला किती पडले? आरोग्यक्षेत्रात जायचे म्हणजे डॉक्टर व्हायचे आणि डॉक्टर व्हायचे म्हणजे एमबीबीएसला नंबर लागायला हवा, हे गृहीतच धरलेले असते. 2024 साली देशभरातून सुमारे 24 लाख विद्यार्थ्यांनी नीटसाठी नोंदणी केली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. म्हणजे या परीक्षेला बसणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आयुष्य एमबीबीएसच्या बाहेरच घडणार, हे निकालाच्या आधीच ठरलेले असते. तरीही त्या बहुसंख्यांना पुढच्या वाटांची माहिती मिळते ती निकालानंतर, घाईत आणि बरेचदा जागा भरायला निघालेल्या एजंटाकडून.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासमोर आज कोणते पर्याय आहेत, ते कसे घडत गेले, त्यांच्याभोवती कोणते वाद आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. या क्षेत्रात पदवीइतकेच, किंबहुना तिच्याहून जास्त, महत्त्व आहे ते त्या पदवीने कायद्याने कोणते काम करता येते याला. बहुतेक वादांचे मूळ तिथेच आहे आणि निवड करताना सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्नही तोच आहे.

पार्श्वभूमी : एकाच प्रकारच्या डॉक्टरचा आग्रह

पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण आपल्याकडे लवकर आले. गोव्यात 1842 साली वैद्यकशाळा सुरू झाली, मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या. परिचर्येच्या शिक्षणाला मात्र समाजाचा विरोध बराच काळ टिकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले, तेव्हा तेही धाडसाचे पाऊल होते.

स्वातंत्र्यापूर्वी डॉक्टरांचे दोन थर होते. विद्यापीठाचे पदवीधर एक आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट दुसरे. मुंबई इलाख्यात या दुसऱ्या थरातल्यांना एलसीपीएस म्हणत. जुन्या गावांत अशा डॉक्टरांच्या पाट्या अनेकांना आठवत असतील. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 साली अहवाल दिला, तेव्हा देशातल्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट होते. समितीने बहुमताने हा थर बंद करून देशभर एकाच प्रकारचा, पूर्ण शिक्षण घेतलेला ‘मूलभूत डॉक्टर’ घडवण्याची शिफारस केली. काही सदस्यांनी त्याला लेखी असहमती नोंदवली. खेड्यांची गरज तातडीची आहे आणि दुय्यम थर बंद केला तर ती भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकांबद्दल चालणारा वाद त्या असहमतीच्या टिपणापासूनच सुरू होतो.

त्याच अहवालात आणखी दोन आकडे होते. देशात साधारण 6,300 माणसांमागे एक डॉक्टर होता आणि 43,000 माणसांमागे एक परिचारिका. पुढच्या दशकांत वैद्यकीय महाविद्यालयांकडे जितके लक्ष गेले, तितके परिचर्येकडे गेले नाही. महाराष्ट्रात 1980च्या दशकात विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि वैद्यकीय शिक्षणाचा नकाशाच बदलला. 1998 साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. एमबीबीएसपासून नर्सिंग, आयुर्वेद, भौतिकोपचारापर्यंतचे बहुतेक अभ्यासक्रम एका छत्राखाली आले.

याच्या समांतर, पदवीवाचून आरोग्यसेवा कशी उभी राहते याचे प्रयोगही महाराष्ट्रातच झाले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970पासून गावातल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या मदतीने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेतली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2005नंतर आलेल्या आशा कार्यकर्तीच्या कल्पनेमागे अशा कामांचा आधार होता.

आजचे पर्याय

एमबीबीएस साडेपाच वर्षांचे : साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा द्यावी लागते. ती टाळली तर बाँडची रक्कम 10 लाख रुपये. फीमधले अंतर प्रचंड आहे. शासकीय महाविद्यालयात वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास खर्च येतो, डीम्ड विद्यापीठात तो वीस लाखांच्याही वर जातो. शिवाय आज नुसत्या एमबीबीएसवर थांबणारे कमी. एमडी-एमएसची तीन वर्षे आणि त्याआधी नीट-पीजीची तयारी धरली तर हा दहा वर्षांचा प्रवास होतो. जागा मात्र वाढत आहेत. ऑक्टोबर 2024मध्ये जालना, बुलडाणा, वाशीम, हिंगोली, गडचिरोली, भंडारा अशा जिल्ह्यांसह राज्यात 10 नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले.

दंतवैद्यक म्हणजे बीडीएस पाच वर्षांचे. आयुर्वेदाची बीएएमएस आणि होमिओपॅथीची बीएचएमएस साडेपाच वर्षांची. या तिन्हींचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात. खाजगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ) आणि 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर बहुसंख्येने बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात, हे रुग्णालयात राहिलेल्या कुणालाही ठाऊक असते.

नर्सिंगचे तीन दरवाजे आहेत. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. पहिल्या दोन्हींसाठी विज्ञान शाखा अनिवार्य नाही, कला शाखेतून बारावी केलेल्यांनाही प्रवेश मिळतो. ग्रामीण भागातल्या मुलींना ही गोष्ट बरेचदा कुणी सांगतच नाही. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक करून पदवीपर्यंत जाता येते. बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. पुढे एमएस्सी आहे, आणि अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही भारतीय परिचर्या परिषदेने आखला आहे.

भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या शाखांची भारतातली पाळेमुळे मुंबईत आहेत. केईएम रुग्णालयात 1950 साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली आणि 1953 साली तिथेच भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. आज पक्षाघातानंतरचे पुनर्वसन, खेळाडूंच्या दुखापती, सांध्यांची शस्त्रक्रिया, स्वमग्न मुलांसोबतचे काम या साऱ्यांत त्यांची गरज पदोपदी लागते. श्रवण आणि वाचा यांच्याशी संबंधित बीएएसएलपी ही पदवी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि काही वैद्यकीय महाविद्यालयांत मिळते. तिची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टलाही त्याच परिषदेची नोंदणी लागते, आणि मानसशास्त्राची नुसती एमए पदवी त्यासाठी पुरत नाही.

तंत्रज्ञांचे जग मोठे आणि विखुरलेले आहे : प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि एमआरआय, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह, कॅथलॅब, हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन सांभाळणारे परफ्युजनिस्ट, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट. डीएमएलटीसारख्या पदविकांपासून आरोग्य विद्यापीठाच्या बीपीएमटी पदवीपर्यंत अनेक अभ्यासक्रम यात येतात. औषधनिर्माणशास्त्रात दोन वर्षांची डी.फार्म, चार वर्षांची बी.फार्म आणि सहा वर्षांची फार्म.डी आहे. औषध दुकानापासून कारखान्यापर्यंत आणि औषध चाचण्यांपर्यंत ही वाट जाते. याखेरीज सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय प्रशासन, आहारशास्त्र आणि वैद्यकीय समाजकार्य या शाखा पदवीनंतर खुल्या होतात, आणि त्यांतल्या काहींना विज्ञान शाखेची अटही नाही.

पहिला वाद : प्रवेशाचे दार

देशभर एकच प्रवेशपरीक्षा असावी का? नीट 2013 साली आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि 2016 साली पुन्हा लागू झाली. बाजूने बोलणारे सांगतात की पूर्वी प्रत्येक खाजगी संस्थेची वेगळी परीक्षा असे, कॅपिटेशन फीला मोकळे रान होते आणि पालकांना शहरोशहरी अर्ज भरत फिरावे लागे. एका गुणवत्ता यादीमुळे हे बरेच आटोक्यात आले. मराठीसह 13 भाषांत ही परीक्षा देता येते, हीही जमेची बाजू.

विरोधकांचा मुद्दा वेगळा आहे. परीक्षा एक झाली तरी तयारी एकसारखी नसते. न्या. ए. के. राजन समितीने 2021 साली तामिळनाडूत मांडले की नीटनंतर ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा वाटा घटला. महाराष्ट्रात असा सर्वंकष अभ्यास झाल्यास मोलाचा ठरेल, कारण इथे चित्र गुंतागुंतीचे आहे. लातूरसारख्या शहराने मराठवाड्यातल्या सामान्य घरांतल्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोचवले. त्याच वेळी शिकवणी, वसतिगृह आणि एक-दोन वर्षे ‘रिपीट’ करण्याचा खर्च कर्ज काढून भागवणारी कुटुंबेही तिथेच भेटतात. प्रवेशात 70 टक्के जागा आपापल्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याचा नियम राज्याने 2020 साली रद्द केला. मराठवाड्याने त्याचे स्वागत केले, इतरत्र नाराजीही होती. 2024च्या नीटच्या पेपरफुटीनंतर सर्वोच्च न्यायालयाने पुनर्परीक्षेची मागणी फेटाळली. परीक्षेवरचा विश्वास मात्र डळमळला तो अजून पुरता सावरलेला नाही.

शुल्काच्या बाबतीत एक ठोस बदल झाला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्याने 2024-25पासून पूर्ण माफ केले. नर्सिंग किंवा भौतिकोपचार निवडणाऱ्या कुटुंबांचे गणित यामुळे बदलू शकते.

दुसरा वाद : कामाची हद्द

हा वाद सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि विद्यार्थ्याच्या पुढच्या आयुष्यावर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधे देता यावीत का? महाराष्ट्राने 2014 साली कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या सीसीएमपी अभ्यासक्रमाची वाट काढली. तो पूर्ण केलेल्यांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी करण्याच्या 2025मधल्या निर्णयाविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने संप केला. विषय न्यायालयातही गेला. एका वर्षात औषधशास्त्र येत नाही, यात रुग्णाचा जीव धोक्यात येतो, असे आयएमए म्हणते. गावोगावी आम्हीच सेवा देतो, ती प्रशिक्षणानिशी आणि कायद्याच्या चौकटीत देऊ द्या, असे होमिओपॅथी संघटनांचे म्हणणे आहे. शल्य आणि शालाक्य विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आयुर्वेद डॉक्टरांना 58 शस्त्रक्रियांची मुभा देणाऱ्या 2020च्या अधिसूचनेवरूनही अशीच फूट पडली होती.

प्रयोगशाळांच्या बाबतीत 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणी अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. डीएमएलटी करून स्वतःची लॅब टाकण्याचे स्वप्न पाहणाऱ्या हजारो तंत्रज्ञांच्या पोटावर याचा थेट परिणाम झाला. भौतिकोपचार तज्ज्ञांनी नावापुढे ‘डॉ.’ लावावे की नाही, यावर सप्टेंबर 2025मध्ये केंद्रीय आरोग्य महासंचालनालयाने मनाई करणारे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. रुग्णाची दिशाभूल होऊ नये हा एका बाजूचा आग्रह. रुग्णाला स्वतंत्रपणे तपासून उपचार ठरवण्याइतके शिक्षण आमच्याकडे आहे, हा दुसऱ्या बाजूचा.

या गोंधळावर उपाय म्हणून संसदेने 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. पन्नासहून अधिक व्यवसाय पहिल्यांदाच एका नोंदणी व्यवस्थेत आणायचे ठरले. परिचर्येसाठीही 2023 साली नवा आयोग कायद्याने मंजूर झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019च्या कायद्यात मर्यादित औषधे देऊ शकणाऱ्या ‘सामुदायिक आरोग्य प्रदात्या’ची तरतूद आहे. उपकेंद्रांवर, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, बीएएमएस किंवा नर्सिंग पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून काम करत आहेत. 1946च्या अहवालाने बंद करायला सांगितलेला दुय्यम थर वेगळ्या नावाने परत आला आहे. तो खेड्यातल्या रुग्णाला आधार देतो की दुय्यम दर्जाची सेवा त्याच्या माथी मारतो, यावर जाणत्यांत आजही एकमत नाही.

तिसरा वाद : नोकरी, पगार आणि मान

गरज आहे म्हणजे नोकरी आहे, असे घडत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली असंख्य पदे कंत्राटी आहेत. 2022 साली राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांकडून भरती करण्याला विरोध करत काम बंद केले होते. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न 2016 साली सर्वोच्च न्यायालयात आला. त्यानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने लहान रुग्णालयांतही किमान 20,000 रुपये आणि 200हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतके वेतन सुचवले. त्याची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि अनेक परिचारिका आजही त्या पातळीखाली काम करतात.

रुग्णालय चालवणाऱ्यांचीही बाजू आहे. लहान नर्सिंग होमना विमा कंपन्यांचे आणि सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत, पगारवाढीचा भार शेवटी रुग्णावर पडतो, असे ते सांगतात. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. मात्र चार वर्षे शिकलेल्या परिचारिकेला घर चालवता येईल इतका पगार मिळाला नाही, तर ती देश सोडते किंवा व्यवसाय सोडते, आणि दोन्हींत नुकसान इथल्या रुग्णाचे होते.

परदेशाची वाट म्हणूनच महत्त्वाची ठरली आहे. आखाती देश आणि ब्रिटन हे जुने मार्ग. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिका व तंत्रज्ञांचा समावेश आहे. तिथे खरी कसोटी जर्मन भाषेची असते, आणि ती भाषा काही आठवड्यांत येत नाही. एमबीबीएससाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला जाणाऱ्यांसाठी नियम 2021पासून कडक झाले : किमान 54 महिन्यांचे शिक्षण, तिथे एक वर्ष इंटर्नशिप आणि परतल्यावर इथली पात्रता परीक्षा. या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे कमी राहिले आहे. 2022च्या युद्धाने युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांचे जे हाल झाले, ते ताजे आहेत.

काय सुटलेले नाही

चार प्रश्न उघडे आहेत. पहिला : संलग्न व्यवसायांचा 2021चा कायदा कागदावर पूर्ण असला तरी राज्य परिषदा, नोंदणी आणि एकसमान अभ्यासक्रम यांची घडी अजून बसते आहे. आज तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम निवडणाऱ्याला उद्या कोणता अधिकार मिळेल, याचे पक्के उत्तर नाही. दुसरा : नवी महाविद्यालये उघडली, पण त्यांना पुरेसे प्राध्यापक आणि पुरेसे रुग्ण मिळून शिक्षणाचा दर्जा टिकेल का? तिसरा : जागा वाढल्याने डॉक्टर गडचिरोली किंवा नंदुरबारला जातील, असे आपोआप होत नाही; एक वर्षाच्या बाँडनंतर ते का थांबत नाहीत, याचा उपाय सापडलेला नाही. चौथा : मराठीतून नीट देता येते, पण पहिल्या वर्षापासून सारे शिक्षण इंग्रजीत. मध्य प्रदेशाने 2022 साली हिंदी पुस्तकांचा प्रयोग केला. मराठीत असा प्रयत्न किती खोलवर न्यावा, यावर मतभेद आहेत. रुग्णाशी मात्र बोलायचे असते मराठीत, गोंडीत, अहिराणीत, कोकणीत, आणि त्याचे शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात पुरेसे नाही.

निवड करताना

या साऱ्या वादांचा निकाल लागेपर्यंत कुणाचे प्रवेश थांबत नाहीत. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाला होकार देण्याआधी काही गोष्टी तपासायलाच हव्यात. पदवीनंतर नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते, आणि ती परिषद या संस्थेला मान्यता देते का, हे परिषदेच्या यादीतच पाहावे. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. त्या नोंदणीने स्वतंत्रपणे काम करता येते, की कुणाच्या देखरेखीखाली? संस्थेला स्वतःचे चालते रुग्णालय आहे का? रुग्ण नसलेल्या रुग्णालयात परिचर्या किंवा डायलिसिस शिकता येत नाही. पदविकेवरून पदवीकडे आणि पदवीवरून पुढे जाण्याची वाट खुली आहे का? शिक्षण संपेपर्यंत एकूण खर्च किती आणि पहिल्या नोकरीचा पगार किती, हे त्याच शाखेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना विचारावे.

आणि हे सारे तपासण्याआधी एक गोष्ट : परवानगी मिळेल तिथे, जिल्हा रुग्णालयात किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काही दिवस त्या माणसांचे काम जवळून पाहावे. रात्रपाळीतली सिस्टर, सकाळी रक्ताचे नमुने घेणारा तंत्रज्ञ, पक्षाघाताच्या रुग्णाला पहिले पाऊल टाकायला लावणारी भौतिकोपचार तज्ज्ञ यांचा दिवस आपल्याला आवडेल का, हे कुठलीही परीक्षा सांगत नाही.

ही तपासणी एकेकट्या कुटुंबावर सोडणे अन्यायाचे आहे. कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीपासूनच या माहितीचे सत्र ठेवणे आणि मान्यताप्राप्त संस्थांची, नोंदणीची व अधिकारांची एकत्रित यादी मराठीत प्रसिद्ध करणे आरोग्य विद्यापीठाला आणि शिक्षण विभागाला अवघड नाही. कायद्याच्या हद्दी पुढच्या दहा-वीस वर्षांत बदलत राहतील, आणि त्या कुठे आखायच्या हे आजच्या अकरावी-बारावीतल्या मुलांच्या कामावरूनच ठरेल. त्यातल्या प्रत्येकाने आपली वाट उरलेली जागा म्हणून घेतली तर ती फळी कमकुवत राहील. समजून-उमजून घेतली तर महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेला डॉक्टरांइतकाच त्यांचाही आधार मिळेल.